चादर पेटीत गेली

काल दुपारी आईनं तिची चादर उन्हातनं आणली, घडी घातली आणि पेटीत ठेवता ठेवता म्हणाली, "वरच ठेवलीय गं, पुढच्या थंडीत तुला हुडकायला नको."

तुला. एवढंच म्हणाली. रात्रभर तेच डोक्यात फिरतंय.

तसं काही नसेलही तिच्या मनात. पेटी हल्ली मीच उघडते, तिला वाकवत नाही. पण दरवर्षी ती म्हणते "मला सापडंल अशी ठेव", आणि काल तुला म्हणाली.

सोलापुरात थंडी ती केवढी, पुण्याची माणसं हसतील. पण दिवाळीपासून आईचा दमा, रात्री दोनला मशीन लावायची, वाफ संपेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून बसायचं. यंदा गड्ड्याच्या जत्रेला गेले नाही, होम मैदानावरचा पाळणा गच्चीवरनंच दिसला. हुरडाही कुणीतरी पिशवीत आणून दिला तेव्हा खाल्ला, गार झालेला. मलाच का सगळं, असं कितीदा वाटलं. दादाचा फोन आला होता, जाऊ दे ते.

रोज मोजत होते, शिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत जाईल, मग होळी, मग आईला रात्रभर झोप लागेल. आणि आता दुपारी 34 अंश झालंय, अंगणातल्या कडुलिंबाची पिवळी पानं झाडून झाडून हात दुखतात, शेंड्याला तांबूस कोवळी पालवी फुटलीय, आई कालपासून एकदाही खोकली नाही. मला पाहिजे होतं तेच झालं की सगळं. मग त्या एका शब्दानं छातीत असं का व्हावं?

चादर पूर्व भागातनं, विणकरांच्या वस्तीतनं घेतलेली, मी शाळेत असताना. एका बाजूनं मरून, उलटी केली की तीच फुलं पांढऱ्यावर. काठाला सूत निघालंय, तिथं आईनं निळ्या दोऱ्यानं टाके घातलेत, मरून दोरा घरात नव्हता म्हणून. पेटीत डांबरगोळ्या नाहीत, तिला वास सोसत नाही, लिंबाचा वाळलेला पाला घालते. कालचा पालाही तिनंच निवडला, काड्या बाजूला काढून, एकेक पान बघून.

ते बघताना वाटलं, जिला पुढची थंडी बघायची नाही ती एवढं निवडत बसंल का? मग वाटलं, माझ्यासाठीच निवडत असंल तर? दोन्ही खरं असू शकतं. त्याला मी काय करणार. पाडव्याला लिंबाचा फुलोरा लागेल, तो मात्र तिच्या हातनंच काढून घेणार आहे मी, खालच्या फांदीचा, खुर्चीवर बसून येतो हाताला.

आत्ता साडेपाच वाजलेत. मघाशी आईनं हाक मारली, "पहाटंचं गार लागलालंय गं, ती चादर दे." दिवा न लावताच पेटीत हात घातला. वरच होती.