बाकावर बसलेला पोरगा

२६ ऑक्टोबर २०२५, रविवारची रात्र. शेजारच्या आजोबांच्या तळघरात आम्ही दहा-अकरा जण टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. अमेरिकन फुटबॉलचा सामना होता, पिट्सबर्गला. पिट्सबर्गकडून खेळत होता ॲरन रॉजर्स, वय ४१. समोर आमचे ग्रीन बे पॅकर्स, म्हणजे ज्या संघात त्याने अठरा हंगाम काढले तो संघ. आमच्या पोरांनी रॉजर्सला पहिल्यांदा खाली पाडलं तेव्हा तळघरात एकच गलका झाला. आजोबा मात्र गप्प होते. रॉजर्स उठून उभा राहीपर्यंत त्यांनी गुडघ्यावरचा हात हलवला नाही. तो उठला, मग त्यांनी बशीतला चीजचा तुकडा उचलला.

पॅकर्स ३५-२५ ने जिंकले. घरी आल्यावर झोप येईना, म्हणून हे लिहायला बसले. सांगलीहून बहीण नेहमी विचारते, "तुमच्या गावात त्या चेंडूचं एवढं काय असतं गं?" हे तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

आधी गावाबद्दल. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातलं लाखभर वस्तीचं गाव. कागदाचे कारखाने, दुधाचा धंदा, आणि वर्षातले पाच महिने बर्फ. एवढ्याशा गावाचा संघ न्यूयॉर्क, शिकागोच्या संघांशी बरोबरीने खेळतो. १९१९ साली मांस डबाबंद करणाऱ्या इथल्या एका कंपनीने कपड्यांचे पैसे दिले, म्हणून नाव पडलं पॅकर्स. या संघाला कुणी अब्जाधीश मालक नाही. मालक आहेत पाच लाखांहून जास्त भागधारक. त्यांना लाभांश मिळत नाही आणि शेअर बाजारात विकताही येत नाही. आजोबांच्या दिवाणखान्यात त्यांच्या वडिलांनी १९५० साली घेतलेला शेअर चौकटीत लावलेला आहे, आपल्याकडे पूर्वजांचे फोटो लावतात तसा. लॅम्बो मैदानात ८१ हजार लोक बसतात, म्हणजे जवळजवळ अख्खं गाव मावेल. रात्री बर्फ पडला की सकाळी गावातले लोक फावडी घेऊन तो उपसायला जातात. त्यामुळे संघाने कुणाला ठेवलं, कुणाला काढलं, ही इथे घरातलीच भानगड असते.

इथलं फुटबॉल हाताने खेळतात. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते तो. अंगावर चौघे-पाच जण धावून येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं, चेंडू कुणाकडे फेकायचा. चांगला क्वार्टरबॅक संघाला दहा-पंधरा वर्षांतून एकदा सापडतो, काहींना तीस वर्षं सापडत नाही. म्हणून तो थकायला लागला की गावाच्या पोटात गोळा येतो. ठेवायचं की जाऊ द्यायचं?

ग्रीन बेवर ही वेळ माझ्या डोळ्यांदेखत दोनदा आली.

आम्ही २००७ च्या ऑगस्टमध्ये इथे आलो. नवऱ्याची नोकरी कागद कारखान्यात, मी घरी. तेव्हा या गावाचा देव होता ब्रेट फार्व्ह. १९९२ पासून एकही सामना न चुकवता खेळत आलेला. अंगठा मोडला तरी खेळला. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही खेळला. २० जानेवारी २००८ ला लॅम्बोवर उपांत्य सामना होता, न्यूयॉर्क जायंट्सशी. तापमान उणे १८. माझा पहिला हिवाळा. खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सामना जादा वेळात गेला, फार्व्हने चेंडू फेकला आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला. पॅकर्स २०-२३ ने हरले. मार्चमध्ये फार्व्ह पत्रकारांसमोर ढसाढसा रडला आणि निवृत्त झाला. दुकानातल्या बाया डोळे पुसत होत्या.

उन्हाळ्यात त्याचा विचार बदलला. परत खेळायचं म्हणाला. पण संघाने तोवर ठरवून टाकलं होतं. तीन वर्षं बाकावर बसलेला एक पोरगा होता, चोवीस वर्षांचा. हाच रॉजर्स. त्याला २००५ मध्ये घेतलेलं. ऑगस्टमधल्या सरावाला लोकांनी त्या पोराची हुर्यो उडवली, "ब्रेटला परत आणा" म्हणून ओरडले. दोन-चार दिवसांतच ३८ वर्षांच्या फार्व्हला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवून दिलं.

त्या वर्षी पॅकर्सनी सोळांतले दहा सामने गमावले. पुढच्या वर्षी तर कहरच झाला. फार्व्ह कट्टर वैरी मिनेसोटाकडे गेला आणि त्याने पॅकर्सना एकाच हंगामात दोनदा हरवलं. चाळिशीत तो आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या हंगामांपैकी एक खेळला. गाव संघाला शिव्या देत होतं. मलाही तेव्हा वाटायचं, चुकलंच यांचं. माणूस संपला नव्हता आणि तुम्ही संपला म्हणून हाकललंत.

आज मला वाटतं की तेव्हा मी चुकीच्या माणसाकडे पाहत होते.

सगळे म्हाताऱ्या वाघाच्या हाताकडे बघतात. अजून जोर आहे का, गुडघा कसा आहे, आणखी एक वर्ष निघेल का. निघतं हो, बरेचदा निघतं. टॉम ब्रेडी या नावाजलेल्या क्वार्टरबॅकचं निघालंच की. न्यू इंग्लंडच्या संघाने त्याला ४२ व्या वर्षी जाऊ दिलं आणि पुढच्याच हंगामात तो टॅम्पाच्या संघात जाऊन सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. वाटेत जानेवारी २०२१ मध्ये आमच्याच मैदानावर आम्हाला हरवून. पण न्यू इंग्लंडकडे ब्रेडीच्या मागे तयार असा कुणी नव्हता. ग्रीन बेकडे होता. सगळा फरक इथे आहे. प्रश्न म्हाताऱ्याच्या खांद्याचा कमी आणि बाकावरच्या पोराच्या घड्याळाचा जास्त असतो.

हे घड्याळ इथे खरोखरच असतं. दरवर्षी संघ कॉलेजातली पोरं आळीपाळीने निवडतात, त्यात पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचा करार चार वर्षांचा, संघाला हवं असेल तर पाचवं वर्ष. तेवढ्यात तो खेळायला हवा, नाहीतर कळणार कसं की तो कसा आहे? आणि एका हंगामात पगारावर किती खर्च करायचा याला लीगने मर्यादा घातलेली आहे. २०२३ मध्ये ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. त्यात त्रेपन्न जणांचा संघ चालवायचा. आपल्या क्रिकेटमध्ये सचिन आणखी दोन वर्षं खेळला म्हणून कुणा गोलंदाजाचं मानधन कापलं गेलं नाही. इथे मोठ्या माणसाच्या पगाराचा प्रत्येक डॉलर दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून येतो.

मला हे कळायला माझ्याच घरातली गोष्ट आठवावी लागली. आमचं गाव तासगाव तालुक्यात. माझ्या आजोबांच्या कमरेला तिजोरीची किल्ली असायची, वयाच्या ७८ व्या वर्षापर्यंत. माणूस मोठा कर्तबगार. दुष्काळात विहीर खणून काढलेली, तालुक्यात शब्दाला मान. थोरले काका पंचावन्न वर्षांचे झाले तरी विहिरीच्या मोटारीची वायंडिंग जळाली की पैशासाठी आजोबांच्या खाटेपाशी उभे राहायचे. काकांना तिशीत द्राक्षबाग लावायची होती. शेजारच्या शिवारात मांडव उभे राहत होते, त्यांनी कागदावर ओळी आखून ठेवल्या होत्या. आजोबा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. आजोबा वाईट नव्हते. त्यांचे हिशेब चुकत नव्हते, ऊस दरवर्षी येत होता. पण किल्ली काकांच्या हातात आली तेव्हा काका सत्तावन्न वर्षांचे होते. मी विचारलं, आता लावणार ना बाग? म्हणाले, "आता कुठं, बाई." तो कागद मी नंतर पंचांगात घडी घातलेला पाहिला.

असो. पुन्हा ग्रीन बेकडे.

रॉजर्सने फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल जिंकून दिला आणि हुर्यो उडवणारी तोंडं बंद झाली. मग काळ फिरून तिथेच आला. २०२० मध्ये संघाने पहिल्या फेरीत जॉर्डन लव्ह नावाचा पोरगा घेतला. त्या हंगामात आणि त्याच्या पुढच्याही हंगामात रॉजर्स लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला! म्हणजे ज्याच्या जागी माणूस आणला तो पेटून उठला. २०२२ च्या मार्चमध्ये त्याच्याशी तीन वर्षांसाठी १५ कोटी डॉलरचा करार केला. त्या वर्षी संघ आठ जिंकत, नऊ हरत अडखळत गेला. ८ जानेवारी २०२३ ला लॅम्बोवर डेट्रॉइटने २०-१६ ने हरवलं. सामना संपल्यावर समोरच्या एका नव्या खेळाडूने रॉजर्सची जर्सी मागितली, त्याने दिली नाही, ही ठेवतो म्हणाला. आणि जुन्या मित्राच्या, रँडल कॉबच्या, गळ्यात हात टाकून बोगद्याकडे चालत गेला. तेव्हाच कळलं सगळ्यांना.

एप्रिलमध्ये त्यालाही जेट्सकडे दिलं. हो, त्याच जेट्सकडे. लव्हचं वय तेव्हा चोवीस, तोही तीन वर्षं बाकावर बसलेला. अगदी २००८ चीच उजळणी. रॉजर्स नसतानाही त्या वर्षी त्याच्या जुन्या करारापोटी सुमारे ४ कोटी डॉलर संघाच्या मर्यादेतून गेले. एवढा फटका सोसून संघाने सोडलं, कारण लव्हच्या कराराचं चौथं वर्ष उजाडलं होतं. आणखी एक हंगाम थांबले असते तर तो न खेळताच म्हातारा झाला असता, किंवा निघून गेला असता.

शेजारचे आजोबा याबाबतीत माझ्यापेक्षा आधी शहाणे झाले. त्यांचा गावाबाहेर गोठा होता, ऐंशी गायींचा. २०१३ मध्ये त्यांच्या मुलीने सांगितलं, बाबा, एकतर गोठा माझ्या हाती द्या, नाहीतर मी मॅडिसनला नोकरी धरते. ती तेव्हा चौतीस वर्षांची. आजोबांची तब्येत ठणठणीत, पहाटे चारला उठून धारा काढणारा माणूस. मला ते अंगणात बर्फ ओढता ओढता म्हणाले होते, "मला अजून दहा वर्षं जमलं असतं. पण ती दहा वर्षं तिची होती." त्यांनी गोठा दिला आणि आमच्या शेजारी राहायला आले. पहिले सहा महिने रोज पहाटे चारला त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागायचा. करायला काही नसायचं, नुसते बसून असायचे.

म्हणून मी म्हणते, दोन्ही वेळा संघाने घेतलेला निर्णय बरोबर होता. ज्या रीतीने घेतला ती रीत मात्र मला आजही पटत नाही. फार्व्हच्या बाबतीत सगळा उन्हाळा वर्तमानपत्रांतून भांडण. रॉजर्सला तर २०२१ मध्ये पत्रकारांसमोर बोलावं लागलं की संघाच्या निर्णयांत आपल्याला कुणी विचारत नाही. ज्याने पंधरा-सोळा वर्षं हाडं झिजवली, त्याला समोर बसवून, चहा देऊन सांगा ना, की बाबा, या पोराची वेळ झाली. त्याला राग येईल. येऊ दे. रागावण्याचा त्याचा हक्कच आहे. पण ते त्याला घरच्यांच्या तोंडून कळायला हवं.

रॉजर्सचं जेट्सकडे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्याच सामन्यात चौथ्या चालीला टाचेवरची शीर तुटली. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणालाही बरं वाटलं नाही. लव्हने त्याच हंगामात संघाला बाद फेरीत नेलं, डॅलसला त्यांच्या घरी ४८-३२ ने हरवलं. २०२४ मध्ये त्याचा चार वर्षांचा, २२ कोटी डॉलरचा करार झाला. माझ्या मुलाच्या अंगात आता लव्हची १० नंबरची जर्सी असते. तो सात वर्षांचा असताना इथल्या रिवाजाप्रमाणे आपली सायकल घेऊन मैदानाबाहेर उभा राहायचा. खेळाडू लहान मुलांच्या सायकली घेऊन सरावाच्या मैदानापर्यंत जातात आणि मूल त्यांचं हेल्मेट धरून शेजारी पळतं. एकदा एका धिप्पाड नवख्याने त्याची सायकल घेतली होती. गुडघे हँडलच्या वर येत होते. आता ती सायकल गराजमध्ये टांगलेली आहे. शेजारच्या आजोबांचा नातू सहा वर्षांचा झालाय, तो तिच्याकडे बघत असतो.

आजोबांच्या कपाटात फार्व्हची ४ नंबरची जर्सी आहे. २००९ मध्ये फार्व्ह मिनेसोटाच्या जांभळ्या कपड्यांत लॅम्बोवर आला तेव्हा त्यांनी ती खोक्यात घालून गोठ्याच्या माळ्यावर टाकली होती. सहा वर्षं ती तिथेच पडून होती. २०१५ च्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या इथल्या मोठ्या सणाच्या, रात्री फार्व्हचं नाव आणि नंबर मैदानावर कायमचं कोरण्याचा समारंभ होता. पाऊस पडत होता. साठच्या दशकातला क्वार्टरबॅक बार्ट स्टार, पक्षाघातातून उठलेला, खास त्यासाठी अलाबामाहून आला होता. फार्व्हने त्याला मिठी मारली. खेळायला मैदानावर रॉजर्स होता. पॅकर्स त्या रात्री शिकागोकडून १३-१७ ने हरले, पण मला आठवते ती आजोबांची जर्सी. माळ्यावरून काढलेली, धुतलेली, तरी गवताचा आणि गायींचा वास न गेलेली. जाड कोटावरून चढवल्यामुळे ती पोटावर ताणली होती. स्टार हात हलवत होता तेव्हा ते बाकावर उभे राहिले आणि त्यांच्या मुलीने, पडू नयेत म्हणून, मागून त्या जर्सीचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.