सतराव्या वर्षीचा पहिला नंबर

आमच्या जर्सी सिटीच्या घरात सकाळच्या चहाबरोबर आता वर्तमानपत्राऐवजी चिरंजीवांच्या फोनवरची खेळाडूंच्या क्रमवारीची यादी येते. अकरावीतला हा मुलगा स्वतःच्या वर्गात कितवा आहे असे विचारले तर खांदे उडवतो. पण देशभरातल्या शाळकरी बास्केटबॉलपटूंमध्ये अठ्ठाविसावा कोण आणि तो गेल्या महिन्यात चौतिसावा का होता, हे त्याला तोंडपाठ असते. मी स्वतः बोर्डाच्या गुणवत्ता यादीच्या काळातला असल्यामुळे मला या वेडाचे नवल वाटत नाही. आईच्या हातचा पेढा खाताना काढलेले ते फोटो आम्हीही डोळे फाडून पाहिले आहेत. फरक इतकाच की त्या यादीमागे निदान उत्तरपत्रिका होत्या. इथे कोणी, कधी आणि कशाचे गुण दिले, हे विचारले की चिरंजीव म्हणतात, "बाबा, ते लोक बघतात ना!"

ते लोक काय बघतात आणि कुठे बसून बघतात, यावरच सारे अवलंबून आहे. अमेरिकेत शाळेच्या संघांतून बास्केटबॉल खेळणारी मुलेच पाच लाखांच्या वर आहेत आणि त्यांना क्रमांक लावणाऱ्या याद्या शंभर-दीडशे नावांवर थांबतात. उन्हाळ्यात बुटांच्या कंपन्यांनी पोसलेल्या संघांच्या स्पर्धा भरतात, जुलैमध्ये साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टाला 'पीच जॅम' होते, आणि मैदानाच्या कडेला महाविद्यालयांचे कोच व यादीकार ओळीने बसतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण या कंपन्यांनी अगदी शब्दशः घेतली आहे. जो मुलगा या मैदानांवर पोहोचला नाही, तो यादीकारांना फारसा दिसतच नाही. जा मोरंट नावाच्या खेळाडूचे तसेच झाले. 2016 साली एका शिबिरात मुख्य मैदान सोडून बाजूच्या लहान हॉलमध्ये तो खेळत होता. मरी स्टेट या छोट्या विद्यापीठाचे एक सहायक कोच काही खायला मिळते का हे शोधत तिकडे गेले आणि त्यांनी त्याला हेरले. यादीत नसलेला हा मुलगा 2019 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, दुसरा निवडला गेला. पण त्याच दिवशी पहिला निवडला गेलेला झायन विल्यमसन आणि तिसरा आर. जे. बॅरेट हे दोघेही आपापल्या शाळकरी दिवसांत यादीच्या शेंड्यावरचे होते, ही गोष्ट मोरंटची कहाणी रंगवून सांगणारे सोयीस्करपणे गाळतात. तीनपैकी दोन नावे बरोबर ओळखणाऱ्या ज्योतिषाला आपल्याकडे लोक घरी बोलावून जेवू घालतील.

मला यादीवर राग धरवत नाही तो यामुळेच. लेब्रॉन जेम्स 2003 साली अॅक्रनच्या शाळेतून बाहेर पडला तेव्हा तो आपल्या पिढीतला पहिला आहे असे यादीने सांगितले होते, आणि ते खरेच होते. वरच्या पाच-दहा मुलांविषयी ती बहुधा चुकत नाही, कारण तिथले वेगळेपण माझ्यासारख्या क्रिकेटवर वाढलेल्या माणसालाही दिसते. घोटाळा खाली आहे. पहिला आणि दहावा यांच्यात कधीकधी आकाशपाताळाचे अंतर असते, तर साठावा आणि एकशेविसावा यांच्यात बहुतेक वेळा पाहणाऱ्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीइतकेच. आकडे मात्र दोन्हीकडे सारख्याच अंतराने, शिस्तीत उभे असतात. शिवाय एखाद्या मुलाला ड्यूक किंवा केंटकी अशा बड्या विद्यापीठाकडून बोलावणे आले की त्याचा क्रमांक वर सरकतो, आणि क्रमांक वर सरकला की आणखी बोलावणी येतात. कोण कोणाची नक्कल करत आहे, हे मग सांगता येत नाही.

त्यातून हे वय असे की शरीर कोणाचेच ऐकत नाही. स्कॉटी पिपेन शाळेतून बाहेर पडला तेव्हा जेमतेम सहा फूट एक इंच होता. महाविद्यालयात तो सहा फूट आठ इंचांपर्यंत वाढला आणि 1987 च्या ड्राफ्टमध्ये पाचवा निवडला गेला. त्याच्या शाळेच्या वर्षीची क्रमवारी चुकीची नव्हती, ती फक्त सात इंच आधी लिहिली गेली होती. याच्या उलटही घडते. 2012 च्या याद्यांत अगदी वर असलेला शबाझ मुहम्मद सांगितला होता त्यापेक्षा एका वर्षाने मोठा असल्याचे 2013 मध्ये एका वृत्तपत्राने उघड केले. (जन्मदाखल्यांची ही कला आपल्या वयोगटांच्या क्रिकेटला अपरिचित नाही.) सतराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे खांद्यांची रुंदी, उडीची उंची आणि अंगातला बिनधास्तपणा, सगळेच.

पूर्वी ही माहिती निदान मुलांच्या कानांवर पडत नसे. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कचे हॉवर्ड गारफिंकल शाळकरी खेळाडूंवर अहवाल लिहून ते वर्गणी भरणाऱ्या कोचांना धाडत. त्यांनीच 1966 मध्ये 'फाइव्ह-स्टार' शिबिर सुरू केले, आणि 1980 च्या उन्हाळ्यात तिथे आल्यावरच मायकेल जॉर्डन नॉर्थ कॅरोलायनाबाहेर खऱ्या अर्थाने माहीत झाला. ते अहवाल कोचांसाठी होते. आजची यादी सर्वांसाठी आहे, ज्याचे नाव तीत आहे त्या मुलासाठीसुद्धा. आणि 2021 पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येऊ लागल्यामुळे तिच्यातल्या आकड्यांना किमतीच्या चिठ्ठीचे रूप आले आहे.

आमच्या घरी या यादीची खरी परीक्षा 17 मार्च 2022 च्या रात्री झाली. नेवार्क अॅव्हेन्यूवरून डाळ-तांदूळ घेऊन परतताना ज्या केनेडी बुलेव्हार्डवरून आम्ही येतो, त्याच रस्त्यावरचे सेंट पीटर्स हे छोटेसे विद्यापीठ महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंधरावे मानांकन घेऊन दुसऱ्या मानांकनाच्या केंटकीशी खेळत होते. चिरंजीव तेव्हा बराच लहान होता. त्याने आपल्या भाकितांच्या तक्त्यात केंटकीला अंतिम फेरीपर्यंत नेऊन ठेवले होते. केंटकीचे खेळाडू कोणत्या वर्षी कितवे होते, हे तो मला सांगत बसला. मोठ्या विद्यापीठांनी ज्यांच्याकडे फारसे वळून पाहिले नव्हते अशी आमच्या रस्त्यावरची मुले जादा वेळेत 85–79 ने जिंकली, आणि पुढे अंतिम आठांपर्यंत गेली.

मुलगा गप्पच झाला. नंतर त्याने सेंट पीटर्सचे कोच शाहीन हॉलोवे यांचे नाव फोनवर शोधले आणि मला आणून दाखवले. 1996 साली देशातल्या निवडक शाळकरी खेळाडूंचा जो मॅकडोनाल्ड्स ऑल-अमेरिकन सामना झाला, त्यात पुढे एनबीए गाजवणारा कोबी ब्रायंटही खेळला होता. सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र हॉलोवे यांना मिळाला. कोबी त्याच वर्षी थेट एनबीएमध्ये गेला. हॉलोवे सीटन हॉल विद्यापीठात चार वर्षे खेळले, आणि 2000 च्या ड्राफ्टमध्ये त्यांना कोणीही निवडले नाही.

"म्हणजे यादी चुकली होती का?" त्याने विचारले.

मी म्हटले, "त्या दिवशी तर तेच सगळ्यांत चांगले खेळले होते ना?"

त्याने फोन पुन्हा हातात घेतला आणि पुढच्या वर्षीची यादी उघडली.