परमवीराचं घर शोधायचं तर मागून पुढे नको, पुढून मागे या

पदकविजेत्या सैनिकाचं घर शोधणारे सहसा मानपत्रात छापलेलं गाव गाठतात आणि तिथेच अडकतात. लष्करी कागदात लिहिलेलं असतं ते मूळ गाव: टपाल, तालुका, जिल्हा आणि जवळचं रेल्वे स्टेशन. बालपण भलतीकडेच गेलेलं असू शकतं. परमवीरचक्र विजेते अरुण खेतरपाल १९५० साली पुण्यात जन्मले, पण घराणं आजच्या पाकिस्तानातल्या सरगोध्याचं. दुसरे परमवीर अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मले आणि शिकले पुण्याच्या बोर्डिंगमध्ये.

परमवीरचक्र विजेते मेजर रामा राघोबा राणे यांचं उदाहरण घेऊ. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया, वडील पोलीस शिपाई. म्हणजे बदल्या आल्या, आणि प्रत्येक बदलीला नवं बिऱ्हाड. १९४० साली ते खडकीला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, पुढे अधिकारी झाले, निवृत्तीनंतर पुण्यात राहिले आणि १९९४ मध्ये इथेच वारले.

सुरुवात शेवटच्या घरापासून करावी, कारण तिथले कागद ताजे असतात. मृत्यूची नोंद घडल्या जागी होते. रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंद त्या हद्दीत मिळते, घराच्या वॉर्डात नाही. हवा तो त्यातला कायमच्या पत्त्याचा रकाना. घरात पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि बँकेची जुनी पत्रं असली तर पत्ते बदलत गेल्याचा माग लागतो.

मग सेवेचा काळ. साध्या जवानाची कागदपत्रं त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, अधिकाऱ्याची दिल्लीत. शिपाई म्हणून भरती होऊन अधिकारी झालेल्या माणसाचे सेवा क्रमांक दोन आणि कार्यालयंही दोन, हे कागदपत्रांसाठीच्या अर्जात न लिहिल्यास ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर येतं. अर्ज वारसाच्या सहीनेच करावा. सरकारी क्वार्टर मालकीचं नसतं, त्यामुळे मिळकतीच्या कागदात त्याचा पत्ता लागत नाही. कॅन्टोन्मेंटमधल्या बंगल्याची जमीन मात्र जनरल लँड रजिस्टरमध्ये (कॅन्टोन्मेंटच्या जमिनींची नोंदवही) सापडते, तीही माणसाच्या नव्हे तर सर्व्हे नंबरच्या नावाने.

पुण्याचे पत्ते म्हणजे एक स्वतंत्र डोकेदुखी. पेठेतला घर नंबर, सिटी सर्व्हे (नगर भूमापन) नंबर आणि डेक्कनकडचा नगररचना योजनेतला फायनल प्लॉट नंबर हे तीन वेगळे आकडे आहेत. जुन्या पत्रात नुसतं ‘घर नं.’ असेल तर नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि जुना नकाशा शेजारी ठेवून जुळवावं लागतं. भांबुर्डा म्हणजे आजचं शिवाजीनगर. नदीकाठचा वाडा असेल तर जुलै १९६१ चा पानशेतचा पूर लक्षात ठेवा. आज उभी इमारत त्यानंतरची निघू शकते.

बालपणासाठी सर्वांत भरवशाचा कागद शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात पूर्वीच्या शाळेचा रकाना असतो. शेवटच्या शाळेपासून एकेक मागे गेलं की वडिलांच्या बदल्यांची साखळी आपोआप उलगडते. तिथून गाव कळतं, घर नव्हे. पोलीस लायनीतली खोली बहुधा ओळखता येत नाही, तेव्हा ‘याच लायनीत’ एवढंच लिहावं. कारवार १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्यामुळे जुनी सरकारी दफ्तरं मुंबईच्या बाजूनेही धुंडाळावी लागतात, आणि आजचा जमिनीचा उतारा सातबारा नसून कर्नाटकातली पहाणी असते.

एकमेकांशी संबंध नसलेले दोन कागद तेच घर दाखवत असतील तरच घरावर स्मृतीची पाटी लावण्याचा विचार करा. शेजाऱ्याची आठवण तिसरा पुरावा म्हणून चालेल, पहिला म्हणून नाही. पाटीआधी आजच्या मालकाची लेखी संमती घ्यावी, आणि सोसायटी असल्यास ठरावही.