व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यानंतरचे वर्ष

बेळगाव-खानापूर पट्ट्यातला एखादा माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून महिना-सव्वा महिन्याने घरी आला, की ‘आता पीत नाही ना?’ एवढेच सगळे विचारतात, आणि पुढे कधी त्याचा पाय घसरला की ‘पैसे पाण्यात गेले’ असा निकाल देऊन मोकळे होतात. हा निकाल मला घाईचा वाटतो. अमेरिकेतील ७ मोठ्या चाचण्यांमधील आठ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उपचारानंतर वर्षभर दारूला अजिबात न शिवलेले साधारण चौथा हिस्साच निघाले. मात्र उरलेल्यांचेही चारांतले तीन दिवस सरासरीने दारूविना गेले होते. रोज पिणाऱ्याच्या घरात असे तीन दिवस म्हणजे काय, हे त्या घरातल्या बाईला विचारावे.

परतल्यावरचे पहिले काही महिने सर्वांत नाजूक असतात, आणि सीमाभागाची अडचण नेमकी येथे आहे. मनातले मराठीत बोलता यावे म्हणून आपली माणसे पुण्याच्या, १९८६ पासून चालू असलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्राची वाट धरतात, आणि ते योग्यच आहे, पण बेळगावहून पुणे सुमारे ३४० किलोमीटर, त्यामुळे सुगी आली की पाठपुराव्याची फेरी हमखास चुकते. धारवाड जवळ आहे, तरी गटात बसून कन्नडमधून आपली लाज सांगणे प्रत्येकाला जमत नाही.

माझ्या नात्यातील एक वहिनी रोज सकाळी डायसल्फिरामची, म्हणजे दारू टाळण्यासाठी डॉक्टर देतात ती, गोळी दादांच्या हातावर ठेवतात आणि ते पाण्याबरोबर गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. दादांना सारे ठाऊक आहे, डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलेले आहे. हीच गोळी कित्येक घरांत गुपचूप आमटीत कालवली जाते, ते मात्र जिवाशी खेळणे आहे, कारण तिच्यावर दारू पडली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस दगावूही शकतो.

केंद्रातून निघताना उपचारांचा कागद व औषधांची यादी मागून घ्यावी आणि पहिल्याच आठवड्यात बेळगावातील एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला ती दाखवावी, म्हणजे पुण्याची फेरी चुकली तरी औषध चुकत नाही.