निरीक्षण कुणाचं?

"मामा, पाणी परत नितळ झालं होतं, मी बघितलं ना!" भाची जर्नल पुढे धरून तावातावाने सांगत होती. चुन्याच्या निवळीत स्ट्रॉने फुंकायचा प्रयोग, निवळी दुधाळ झाली तशी बाकीची पोरं थांबली, ही फुंकतच राहिली आणि पांढरेपणा गेला. तिने तसंच लिहिलं. त्यावर लाल रेघ, बाजूला शेरा: 'पुस्तकाप्रमाणे लिहिणे.'

अहो पण तिचं बरोबर आहे! आधी कॅल्शियम कार्बोनेटचा साका दिसतो, कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की त्याचंच विरघळणारं बायकार्बोनेट होतं.

पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे आधी बुकबाइंडरकडे कामाला होता, बांधायला आलेली पुस्तकं वाचून काढायचा. १८१२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, सविस्तर टिपणं लिहिली, स्वतः बांधून डेव्हीलाच पाठवली, आणि त्या स्वतःच्या टिपणांच्या जोरावर १८१३ मध्ये त्याच्या हाताखाली लागला.

आपल्याकडे 'निरीक्षण' खाली अख्ख्या वर्गाचं वाक्य सेम टू सेम, बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेलं. याचा खरंच त्रास होतो.

तुमच्या मुलांना स्वतः पाहिलेलं लिहू देतात का शाळेत?