गाडी एकच, मग टीम करते काय?

नासकार या अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींमध्ये 2022 ला आलेल्या 'नेक्स्ट जेन' गाडीचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. सांगाडा सगळ्यांना एकाच कारखान्याचा, गिअरबॉक्स एक्सट्रॅकचा, चाकं बीबीएसची. मग टीमचे इंजिनियर दिवसभर करतात काय? आणि यात 'स्टॉक', म्हणजे दुकानातल्या साध्या गाडीसारखं, म्हणावं असं उरलं तरी काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

'स्टॉक'चं आधी उरकू. मस्टँग, कॅमरी ही नुसती बाहेरची ओळख आहे, आणि ते काही आजचं नाही. गंमत म्हणजे आतून जुनी गाडीच रस्त्यावरच्या गाडीपासून जास्त लांब गेली होती. 2021 पर्यंत मागे अखंड एक्सल होता, आणि तो धरणारे दांडे 1960 च्या दशकातल्या शेवरले पिकअपच्या धर्तीचे! 2022 च्या गाडीत मागची दोन्ही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आली, स्टिअरिंग आजच्या साध्या गाड्यांसारखं रॅक-पिनियनचं झालं, गिअरबॉक्स डिफरन्शियलसकट (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी यंत्रणा) मागे गेला.

आता टीमचं. पूर्वी प्रत्येक टीमकडे नळ्या कापून वेल्डिंग करणारे कारागीर असायचे. पत्रा ठोकून बॉडी अशी तिरकी करायचे की वळणावर हवाच गाडीला बाजूने आधार देई. नव्या गाडीची कंपोझिट बॉडी दोन्ही बाजूंनी सारखी, त्यामुळे ती कला संपली. सांगाडा तीन तुकड्यांत येतो: पुढचा, मधला, मागचा. तिन्ही बोल्टने जोडायचे. नाक ठेचलं तर पुढचा तुकडा सोडवून नवा लावायचा. शिवाय एका शर्यत-नंबरसाठी टीमला फक्त सात गाड्या ठेवता येतात.

खर्चाला लगाम बसला, पण चूकही सगळ्यांच्या वाट्याला एकच आली. मागचा तुकडा नको इतका कडक निघाला. तो चेपायला हवा तिथे चेपेना, आणि धक्का थेट ड्रायव्हरपर्यंत जाऊ लागला. जुलै 2022 मध्ये पोकोनोच्या ट्रॅकवर ड्रायव्हर कर्ट बुश, सप्टेंबरात टेक्सासच्या ट्रॅकवर अ‍ॅलेक्स बोमन. धडकेनंतर दोघांनाही कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा. पूर्वी एखाद्या टीमने आपल्यापुरती एक नळी बारीक केली असती. इथे 2023 साठी नवा, मऊ केलेला तुकडा येईपर्यंत सगळे त्याच सांगाड्यात बसून पळवत होते.

चाकाचंही तसंच. जुनं 15 इंची, पोलादी, पाच नटांचं. नवं 18 इंची, अ‍ॅल्युमिनियमचं, मधोमध एकच नट. चाक वाढल्यामुळे आत मोठे ब्रेक मावतात. हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, पिना; चाकाला भोकं. पिना पूर्ण शिरल्या की चाक हबला नीट टेकतं. एखादी पिन काठावर अडली तर चाक केसभर तिरकं राहतं. एअर गन नेहमीसारखी घरघरते, नट घट्ट झालासा वाटतो, आणि ट्रॅकवर गेल्यावर चाक डुगडुगायला लागतं. पाचातला एखादा नट ढिला असला तर गाडी परत तरी यायची. एकुलता नट सुटला की चाकच गेलं. 2022 मध्ये चाक निखळलं की क्रू चीफ (टीमचा तांत्रिक प्रमुख) आणि दोन क्रू मेंबर चार शर्यतींना घरी.

मग हातात उरतं काय? इंजिन अजून पुरवठादाराच्या खोक्यातून येत नाही, 5.86 लिटरचा व्ही-8 मोठ्या टीम आणि कंपन्या आपापला बांधतात. बाकी स्प्रिंग, डॅम्परची (धक्के शोषणाऱ्या नळीची) आतली मांडणी, चाकाचा कल, गाडीची जमिनीपासूनची उंची. उंचीवर सगळ्यांचा जीव, कारण या गाडीचा तळ सपाट आहे, मागे डिफ्यूझर (खालची हवा बाहेर सोडणारा, वर पसरत जाणारा भाग) आहे, आणि खालून जाणारी हवाच तिला जमिनीकडे ओढते. एका मर्यादेपर्यंत तळ जितका खाली, तितकी पकड जास्त.

टायरच्या हवेचा खेळही असाच. टायर पुरवणारी गुडइयर किमान दाब सुचवते. टीम त्याच्याही खाली जातात, विशेषतः मागच्या डाव्या टायरला. कमी हवेचा टायर वळणावर जास्त धरतो, पण त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला वाकते, तापते आणि शेवटी फाटते. टायरची भिंत बुटकी, त्यामुळे हवा गेली की गाडी थेट तळावर बसते. कधी कधी चाक नुसतं फिरतं, गाडी हलत नाही. अशा वेळी पिटपर्यंत, म्हणजे टायर बदलायच्या जागेपर्यंत, जायलासुद्धा टोइंगचा ट्रक लागतो.