बिनदुधाचे १३ आठवडे : सिंहगड ते यवतेश्वर

सातारा हिल हाफ मॅरेथॉन होऊन आठ दिवस झाले. जिने उतरताना कठड्याला धरावं लागत नाही, म्हणजे वही उघडायला हरकत नाही.

आधी माहिती. वय ४३, वजन ५४ किलो, मुक्काम पुणे, धावायला लागून सहा वर्षं. घर शाकाहारी, अंडी दोन वर्षांपूर्वीच सुटली होती. त्यामुळे जूनमध्ये व्हीगन व्हायचं, म्हणजे प्राण्यांपासून येणारं काहीच खायचं नाही, असं ठरवलं तेव्हा वाटलं, आता सोडायला उरलंय काय? उरलं होतं चहा, ताक, दही, तूप, पनीर. म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस. कारणांत शिरत नाही. गोठ्यातल्या पाड्यांचं पुढे काय होतं हे एकदा विचारलं आणि मिळालेलं उत्तर डोक्यातून गेलं नाही, इतकंच.

आठवडा १ ते ३

सगळ्यात आधी चहा. सोया दूध आल्याच्या चहात फाटलं. ओट्सचं दूध उकळल्यावर चिकट झालं, चहाची खीर. शेवटी गवती चहा घालून कोरा चहा सुरू केला. पहिले पाच दिवस डोकं दुखलं, आणि ते चहा कमी झाल्यामुळे की नुसत्या चिडचिडीने, देव जाणे.

सासूबाईंशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. वरणभातावर तूप नको म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध सोडतात. तू बारमाही भाद्रपद लावलास की गं." त्यानंतर घरात एकदाही वाद झाला नाही. (कार्तिकात द्विदल सोडायचं असतं, त्याची आठवण मी मुद्दाम करून दिली नाही. डाळी गेल्या तर मी उपाशीच.)

आपल्याकडचं निम्मं जेवण तसंही व्हीगनच असतं, हे या तीन आठवड्यांत कळलं. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, आमटी, ठेचा, थालीपीठ. फक्त वरचं तूप आणि बाजूचं लोणी काढायचं. खरी परीक्षा झाली सिंहगडावर. गोळेवाडीपासून गाडीरस्त्याने घाट धावत चढायचा आणि वर मटक्यातलं दही खायचं, हा आमच्या गटाचा सहा वर्षांचा नेम. पावसात भिजून वर पोचल्यावर सगळ्यांच्या हातात मटकं आणि माझ्या हातात कांदाभजी. भज्यांनी पोट भरतं, पण उतरताना ती प्रत्येक वळणावर आठवण करून देतात.

आठवडा ४ : रक्त

हा आठवडा नीट लिहिते, कारण इथेच बहुतेक जण गफलत करतात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ११, बी-१२ १६८, हिमोग्लोबिन ११.८. तिन्ही कमी. तीन आठवड्यांत इतकी घसरण होत नाही. हे आधीपासूनच होतं, मी कधी तपासलंच नव्हतं. दूध-दही खाऊनही बी-१२ कमी असलेले शाकाहारी आपल्याकडे पुष्कळ. पण दूध सुटल्यावर तर आहारातला तोही आधार जातो. आंबवलेल्या इडलीतून बी-१२ मिळतं, स्पिरुलिनातून मिळतं, असं कुणीही सांगो, त्यावर भरवसा ठेवू नका. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ती घेते, विषय संपला.

लोहाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. वनस्पतींमधलं लोह शरीराला तसंही कमी लागू पडतं, त्यात मी दर जेवणानंतर चहा पीत होते आणि चहातले टॅनिन ते अडवत होते. शिवाय दमछाक होईस्तोवर धावलं की पुढचे काही तास शरीरात हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह शोषलं जाणं मंदावतं. म्हणजे धावून आल्यावर लोहाची गोळी आणि वर चहा, हे माझं जुनं वेळापत्रक म्हणजे पैसे पाण्यात. आता गोळी एक दिवसाआड, न धावायच्या दिवशी, लिंबूपाण्याबरोबर. तसं डॉक्टरांनीच सांगितलं. चहा जेवणापासून दोन तास लांब. कडधान्यं भिजवून, मोड आणून, वर लिंबू पिळून. आणि अळीव. नारळ-गुळाचे लाडू, अर्थात तुपाशिवाय. "बाळंतीण कोण आहे घरात?" असं शेजारच्या काकू विचारून गेल्या.

आठवडा ६ : खडकवासला प्रकरण

रविवारी १८ किलोमीटर होते. शनिवारी रात्री मी मोठ्या अभिमानाने मटकीची उसळ, ज्वारीच्या दोन भाकऱ्या, गवारीची भाजी आणि काकडी असं जेवले. रविवारी अकराव्या किलोमीटरला, खडकवासल्याच्या चौपाटीजवळ, पोटाने निकाल दिला. पहाटेच्या वेळी शेगडी पेटवत असलेल्या कणीसवाल्या मावशींनी काही न विचारता मागच्या बाजूला बोट दाखवलं. त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

चूक साधी होती. व्हीगन झाल्यावर जेवणातला चोथा आपोआप वाढतो. एरवी ते चांगलंच, लांब धावण्याच्या आदल्या रात्री मात्र वाईट. शिवाय चोथ्याने पोट लवकर भरतं, त्यामुळे पोटभर जेवूनही मी कमी खात होते. दोन किलो वजन उतरलं तेव्हा सगळे कौतुक करत होते आणि माझा टेम्पो रन (वेग धरून धावायचा सराव) मात्र दर आठवड्याला रडत होता.

यावर उपाय सापडला तो उपासाच्या फराळात! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, चोथा नाहीच. शनिवारी दुपारी शेंगदाणा तेलातली साबुदाण्याची खिचडी, कूट निम्मं. रात्री मऊ भात, मुगाचं पातळ वरण, बटाट्याची भाजी. उसळी सोमवार ते शुक्रवार. पहिल्या शनिवारी सासूबाईंनी विचारलं, "आज कुठली एकादशी?"

धावताना पोटात काय घालायचं, यावर बरीच धडपड झाली. खजूर चघळताना दम लागतो. आता मऊ बाटलीत ४० ग्रॅम काकवी, अर्धं लिंबू, चिमूट सैंधव आणि थोडं पाणी. पाऊण तासाने अर्धी, मग उरलेली. धावपटूंच्या तयार एनर्जी जेलच्या एका पाकिटाच्या पैशांत महिनाभराची काकवी येते.

प्रथिनं

लोक विचारतात म्हणून लिहिते, नाहीतर यात सांगण्यासारखं फार नाही. लक्ष्य दिवसाला ८५ ग्रॅमच्या आसपास. सोया चंक्स ४० ग्रॅम कोरडे (यातूनच २० येतात), मुगाची धिरडी, टोफू, मटकी, शेंगदाणे, एक पेला सोया दूध आणि ज्वारीची भाकरी. जमतं. आठवडाभर वजनकाट्यावर मोजलं, मग हाताला अंदाज आला. स्कॉट ज्युरेक हा अमेरिकन धावपटू १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षं वेस्टर्न स्टेट्स ही १०० मैलांची शर्यत जिंकला, वनस्पतीजन्य आहारावर. त्याच्यात आणि माझ्यात पायांच्या संख्येपलीकडे साम्य नाही, पण जेवणाच्या टेबलावरचा वाद मिटवायला त्याचं नाव उपयोगी पडतं.

आठवडा १३ : सातारा

मागच्या वर्षी २ तास २९ मिनिटं. यंदा २ तास ३१. घाटात धुकं, बारीक पाऊस. यवतेश्वराच्या चढावर मी पहिल्यांदाच एकदाही चालले नाही. काकवी वेळेवर घेतली, पोट गप्प राहिलं. वेळ गेली ती उतारावर. मांड्यांनी चौदाव्या किलोमीटरनंतर हात टेकले, कारण पावसाची सबब सांगून सिंहगडावरून धावत उतरायचा सराव मी टाळला होता. ते खापर सोया दुधावर फोडणार नाही.

फेरिटिन परवा २४ आलं, बी-१२ ४१०. हिमोग्लोबिन १२.६. डॉक्टर म्हणाले गोळी अजून तीन महिने.

जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन आहे आणि तिथे काकवी पुरणार नाही. दोन तासांनंतर तोंड इतकं गोड होतं की बाटली नकोशी वाटते. पेडर रोडच्या चढापर्यंत काहीतरी खारट हवं. उकडलेल्या छोट्या बटाट्यांना मीठ लावून, सोलून, पिशवीत घालून बघणार आहे. पहिला प्रयोग या रविवारी, २४ किलोमीटरला. चौपाटीच्या रस्त्यानेच जाईन म्हणते, मावशी ओळखीच्या आहेत.